पानगळीच्या वाटेवर : रंग, पान आणि माणूस

ऑक्टोबर अर्ध्यावर आला की आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांत अमेरिकेला गेलेल्या मुलामुलींची छायाचित्रे येऊ लागतात. तांबडी, शेंदरी, पिवळीधमक झाडे, त्यांच्यामधून वळत गेलेला रस्ता, रस्त्याच्या कडेला उभी केलेली मोटार आणि तिला टेकून हसणारे कुटुंब. छायाचित्रांच्या मागोमाग वर्णन येते. कधी ते पत्रात असते, कधी एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेत, तर कधी दिवाळी अंकात. शुक्रवारी संध्याकाळी बॉस्टन किंवा न्यूयॉर्क सोडायचे, व्हरमाँट राज्याला दक्षिणोत्तर छेदणारा शंभर क्रमांकाचा रस्ता धरायचा, किंवा न्यू हॅम्पशायरमधील कँकामॅगस घाटाचा सुमारे ५५ किलोमीटरांचा पट्टा गाठायचा. वाटेत छप्पर असलेला लाकडी पूल पाहायचा, सफरचंदाचा रस प्यायचा, मेपलच्या पाकाची बाटली घ्यायची आणि रविवारी रात्री घरी परतायचे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुटी असते. त्यामुळे कित्येकांना तिसरा दिवसही मिळतो.

अशी वर्णने आम्ही वर्षानुवर्षे आवडीने वाचीत आलो आहोत. त्यांतील आनंद खरा असतो, याविषयी आम्हांस शंका नाही. तरीही एका लेखकाचे वर्णन दुसऱ्याच्या नावावर छापले तर कोणाच्या ध्यानात येऊ नये, इतकी ती एकमेकांसारखी असतात. ‘रंगांची उधळण’, ‘निसर्गाने मुक्तहस्ताने केलेली पखरण’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ हे शब्दप्रयोग ठरलेल्या वळणांवर ठरल्याप्रमाणे भेटतात. रस्त्याचे अंतर कळते, निवासाचे भाडे कळते, पण कोणते झाड पाहिले ते कळत नाही. त्या रानात कोण राहत होते, हा प्रश्न तर पडतच नाही. हा दोष केवळ भाषेच्या दारिद्र्याचा आहे काय? आमच्या मते तो पाहण्याचा दोष आहे. ज्या लेखकांनी व चित्रकारांनी ह्याच प्रदेशाची पानगळ पाहिली, त्यांच्या कृती शेजारी ठेवून त्याचा विचार करावा, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एका शब्दाची उठाठेव केली पाहिजे. आपले लेखक ह्या ऋतूला सरसकट ‘शरद’ म्हणतात. पंचांगाच्या हिशेबाने ते चूक नाही, पण शब्दाला पंचांगापलीकडचे आयुष्य असते. मराठी मनात शरद म्हणजे पाऊस सरल्यावरचे धुतलेले आकाश, नितळ झालेले पाणी, कोजागिरीचे चांदणे, कापणीला आलेले भात. आपल्याकडील पानगळ येते ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिची चाहूल थंडीपेक्षा कोरडेपणातून लागते. न्यू इंग्लंडमध्ये पाने गळतात ती पुढे येणाऱ्या बर्फाच्या भयाने. तेथील ऋतूला नुसते ‘शरद’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे चांदणे उभे राहते आणि लेखकाला दाखवायचे असते पेटलेले रान. अशा ठिकाणी ‘पानगळ’ हा साधा शब्दच प्रामाणिक होय. उसना ऋतू वापरला की उसनी विशेषणेही येतात, आणि मग पाहणे मागे पडते.

पानगळ पाहण्याच्या आम्हांस तीन पायऱ्या दिसतात. पहिल्या पायरीवर रंग दिसतो, दुसरीवर पान दिसते आणि तिसरीवर माणूस. मोटारसहलीची बहुतेक वर्णने पहिल्या पायरीवर थांबतात.

ह्या पहिल्या पायरीचे वैभव पाहायचे असेल तर जॅस्पर क्रॉप्सी ह्या चित्रकाराकडे जावे. न्यू इंग्लंडला लागूनच असलेल्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीचे खोरे त्याने १८६० मध्ये रंगवले. सुमारे पाच फूट उंच आणि नऊ फूट रुंद असे हे प्रचंड चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. उंचावरून दिसणारे खोरे, ढगांतून झिरपणारे ऊन, दूरवर चमकणारी नदी आणि पुढच्या बाजूस तांबड्या-पिवळ्या झाडांची कमान, अशी त्याची रचना आहे. विशेष म्हणजे हे चित्र क्रॉप्सीने लंडनमध्ये बसून आठवणीने काढले. इंग्लंडमधील पानगळ बहुधा पिवळी-तपकिरी असते. इतकी तांबडी झाडे जगात असतील यावर तेथील प्रेक्षकांचा विश्वास बसेना. तेव्हा क्रॉप्सीने अमेरिकेतील खरी पाने चित्राच्या शेजारी मांडली.

ह्या हकिगतीत चित्राचे सामर्थ्य आहे, तशी त्याची मर्यादाही आहे. नऊ फुटांच्या भव्य देखाव्याने जे पटले नाही, ते पटवायला मूठभर पाने आणावी लागली. देखावा दुरून पाहायचा असतो. त्यात सर्व काही आपल्यासाठी मांडून ठेवलेले असते. चित्रात शिकारी आहेत, पुलावर खेळणारी मुले आहेत, चरणाऱ्या मेंढ्या आहेत. पण ती सर्व मंडळी इतकी लहान की ती देखाव्याची सजावट होऊन राहतात. मोटारीच्या काचेतून दिसणारी पानगळ ह्याच जातीची असते. काच म्हणजे एक सरकती चौकट. तिच्यात दर वळणाला नवे चित्र येते आणि मागचे पुसले जाते. क्रॉप्सी निदान एकाच देखाव्यासमोर दीर्घकाळ थांबला होता. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवाशाजवळ तेवढी उसंत नसते. म्हणून त्याच्या हाती ‘उधळण’ हा शब्द उरतो, कारण वेगात सगळेच उधळलेले दिसते.

दुसऱ्या पायरीवर हेन्री डेव्हिड थोरो भेटतो. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावच्या ह्या लेखकाने पानगळीच्या रंगांवर १८५९ मध्ये व्याख्यान दिले. क्षयाने खंगत असताना त्याने त्याचा निबंध छापण्यासाठी सिद्ध केला. मे १८६२ मध्ये तो वारला आणि ऑक्टोबर १८६२ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात तो निबंध प्रसिद्ध झाला. पानगळीवर एवढे एकाग्र गद्य आमच्या वाचनात दुसरे नाही. त्याची मांडणीच पाहा. ‘पानगळ’ असा सबगोलंकार विषय तो घेत नाही. तो जांभळट गवतापासून आरंभ करतो, मग तांबडा मेपल, मग एल्म, मग गळून पडलेली पाने, मग साखरी मेपल आणि शेवटी किरमिजी ओक. प्रत्येकाची वेळ वेगळी, जागा वेगळी, रंगण्याची रीत वेगळी. तांबडा मेपल ओलसर जागी, इतर झाडे हिरवी असतानाच एकटा पेटतो. किरमिजी ओक सर्वांच्या मागून, इतरांची पाने झडल्यावर आपला रंग दाखवतो. वाचक एका ऋतूतून पायी चालत जातो.

रंग बदलणाऱ्या प्रत्येक झाडाचे एकेक पान घ्यावे, त्याची कडा रेखावी, त्यात हुबेहूब रंग भरावा आणि अशा पानांचेच एक पुस्तक करावे, असे थोरोच्या मनात होते. ते पुस्तक झाले नाही, हा निबंध झाला. ओकच्या एका पानाच्या कडेवर तो परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतो. त्याच्या खाचांत त्याला समुद्रकिनाऱ्याच्या खाड्या आणि भूशिरे दिसतात. दिसण्याच्या कक्षेत असूनही पुष्कळ गोष्टी आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण आपले मन तेथे नेत नाही, हा त्या निबंधाचा गाभा आहे. लंडनमध्ये क्रॉप्सीच्या चित्राशेजारी मांडलेली पाने आणि थोरोने हातात धरलेले पान यांत हा फरक आहे. एक पुरावा म्हणून ठेवले आहे, दुसरे स्वतःसाठीच पाहिले आहे.

पानापर्यंत पोचले की विज्ञानही साहित्याच्या मदतीला येते. दिवस लहान होऊ लागतात तसे पानातील हरितद्रव्य विरू लागते. झाड पानातील नत्रासारखी मोलाची द्रव्ये फांदीत ओढून घेते आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक पडदा तयार करून पानाला निरोप देते. पिवळा रंग उन्हाळ्यातही पानात असतोच. हिरवा उतरला की तो उघडा पडतो. तांबड्याचे तसे नाही. मेपलसारख्या झाडांत तो रंग बहुतांशी पानगळीच्या दिवसांतच, पानात राहिलेल्या साखरेपासून नव्याने घडतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री न गोठवणारी थंडी असली की तो अधिक खुलतो. म्हणजे एकाच डोंगरावर पिवळे झाड आपल्याजवळ होते ते दाखवीत असते आणि तांबडे झाड जाता जाता काही नवे घडवीत असते. ‘निसर्ग मरणातही सुंदर दिसतो’ हे वाक्य आम्ही कितीदा वाचले आहे! झाड तर मरत नसते. ते घर आवरीत असते. हे ज्याने जाणले त्याच्या लेखणीतून ते ठरीव वाक्य पुन्हा उतरणार नाही.

थोरोची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच्या ह्या निबंधात माणसे आहेत, पण ती बहुधा न पाहणारी माणसे म्हणून आहेत. शेतकरी आपल्या चाऱ्यापुरते गवत पाहतो आणि त्याच्या बांधाशी असलेले जांभळट गवत त्याला दिसत नाही, अशी थोरोची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. पण ज्याला हिवाळ्यासाठी चारा साठवायचा आहे त्याचे डोळे चाऱ्यावर का असतात, हे समजून घेण्याची माया तीत थोडी कमी पडते.

येथे आपल्या वाचकांना जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स आठवेल. ह्या येशूसंघीय धर्मगुरूने सप्टेंबर १८८० मध्ये, लँकशायरमधील लिडिएट येथे, पानगळीवर एक छोटी कविता रचली. एक लहान मुलगी झडणाऱ्या पानांसाठी रडते आहे आणि कवी तिला सांगतो आहे की, तिला आज न कळणारे दुःख हे माणसाच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या, नश्वरतेचे आहे. ती कविता थोर आहे. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला. त्याच्या कवितांचा संग्रह निघाला तो १९१८ मध्ये, आणि तेव्हापासून ही कविता वाचकांना अस्वस्थ करीत आली आहे. पण तिची वाट पानाकडून ‘स्व’कडे जाते. पानगळीत स्वतःचे मरण वाचणे हे धर्मचिंतनाला साजेसे आहे. नोव्हेंबरच्या आरंभी आपण मृतांचे स्मरण करतो, तेव्हा हीच जाणीव आपल्या मनात असते. तथापि पानगळीत दुसऱ्याचे जीवन वाचणे ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि मोटारसहलीच्या लेखकाला ती अधिक निकडीची आहे, कारण तो दुसऱ्याच्या भूमीतून जात असतो.

त्या भूमीची हकिगत अशी. आज व्हरमाँटचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे आणि प्रवासी त्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः ही भूमी अबेनाकी लोकांची. गोऱ्या वसाहतकारांनी येथील रान तोडून शेते केली. १८११ मध्ये विल्यम जार्विस ह्या गृहस्थाने मेरिनो जातीच्या मेंढ्या व्हरमाँटमध्ये आणल्या आणि लोकरीचे वेड पसरले. १८४० च्या सुमारास ह्या राज्यात १६-१७ लाख मेंढ्या होत्या. माणसे तीन लाखांहून कमी. डोंगरच्या डोंगर बोडके झाले. शेतातून निघालेले दगड रचून शेतकऱ्यांनी मैलोगणती गडगे घातले. पुढे लोकरीचे भाव उतरले. कालवे आणि लोहमार्ग झाल्यावर पश्चिमेकडील सपाट व कसदार जमिनीशी ह्या खडकाळ डोंगरांना स्पर्धा करवेना. तरुण पश्चिमेस गेले, गिरण्यांच्या गावी गेले. घरे ओस पडली, छपरे खचली, आणि सोडलेल्या कुरणांवर रान परत आले.

आज जे रान पेटलेले दिसते, त्याचा मोठा भाग असा सोडलेल्या शेतांवर उगवलेला आहे. मेपलच्या दाट रानात मध्येच एक गडगा लागतो, जो कशालाच कशापासून वेगळे करीत नाही. तो पूर्वी दोन शेजाऱ्यांचा बांध होता. प्रवाशाला जो रंग दिसतो त्याच्या मुळाशी कोणाचे तरी स्थलांतर आहे. आणि आज जे दृश्य राखले गेले आहे तेही माणसांनी राखले आहे. १९६८ मध्ये व्हरमाँटने रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांवर कायद्याने बंदी घातली, म्हणून तेथील डोंगर फलकांच्या आड गेले नाहीत.

ही तिसरी पायरी ज्या कवीने ओळखली तो रॉबर्ट फ्रॉस्ट. मोटारसहलीच्या वर्णनांत त्याचे नाव येते, पण येते ते पिवळ्या रानातील दोन वाटांच्या त्या कवितेसाठी, जी १९१५ मध्ये प्रथम छापली गेली. लोक तीत ‘आडवाटेने जाण्याचे धाडस’ वाचतात. कविता नीट वाचली तर दोन्ही वाटा सारख्याच वापरलेल्या आहेत असे कवीच सांगतो, आणि पुढे वृद्धपणी आपण ही गोष्ट कशी रंगवून सांगू याचीही मिश्कील कबुली देतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही कविता आरसा म्हणून समोर ठेवावी.

परंतु आमच्या विषयाला अधिक जवळची आहे ती १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टीपल बुश’ संग्रहातील ‘डायरेक्टिव्ह’ ही कविता. तिच्यात पानगळ नाही. पानगळीचे रान कशावर उभे आहे ते तिच्यात आहे. एक वाटाड्या वाचकाला आजच्या गलबल्यातून मागे नेतो. वाट चाकोऱ्यांनी झिजलेली, दगडाच्या खाणीसारखी. दोन्ही बाजूंना कालपरवा उगवलेली, तरीही मिजास करणारी झाडे. सुतारपक्ष्यांनी टोचलेली जुनी सफरचंदाची झाडे. पुढे एक गाव, जे आता गाव नाही. एक घर, जे आता घर नाही. उरला आहे तळघराचा बुजत चाललेला खड्डा आणि त्यावर माजलेली लायलॅकची झुडपे. जवळच मुलांचे खेळघर आहे आणि एका झाडाखाली त्यांच्या भातुकलीची फुटकी भांडी. त्या इवल्या संसारासाठी रडावे, असे वाटाड्या सांगतो, आणि मग ज्या घरात खराच संसार झाला त्याच्याकडे बोट दाखवतो. शेवटी तो एका झऱ्यापाशी नेतो. त्या घराचे पाणी तोच झरा पुरवी. तेथे देवदाराच्या मुळाशी मुलांच्या खेळातला एक फुटका पेला लपवलेला आहे. अयोग्य माणसांना तो सापडू नये आणि त्यांचे तारण होऊ नये म्हणून तो मंतरून ठेवला आहे, असे वाटाड्या म्हणतो आणि त्यासाठी संत मार्कचा हवाला देतो.

हा हवाला मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील त्या अवघड वचनांचा आहे, जेथे दाखल्यांचे रहस्य बाहेरच्यांना कळत नाही, ते पाहूनही पाहत नाहीत, असे प्रभू येशू म्हणतो. प्रवचनकारांची ह्या वचनांपुढे नेहमी पंचाईत होते. फ्रॉस्टने केलेला त्यांचा उपयोग काहींना खोडकर वाटतो. आम्हांस तो कवितेच्या अर्थाला धरून वाटतो. पेला काही सोन्याचा नाही. तो मुलांच्या भातुकलीतला आहे. तो लपलेला आहे, कारण जो त्या खेळघरापाशी थांबला नाही, ज्याला त्या गेलेल्या मुलांविषयी काही वाटले नाही, त्याच्या हाती लागून त्याचा उपयोगच नाही. रानात शिरण्याची अट पैशाची नाही की वेगाची नाही. शोक करता येण्याची आहे. ती पुरी केल्यावरच त्या झऱ्याचे पाणी मोडलेले मन सांधते. ‘पाहूनही न पाहणारे’ म्हणजे कोण, याचे इतके नेमके उत्तर आम्ही टीकाग्रंथांतही क्वचितच वाचले आहे.

ह्याच कवितेत वाटाड्या आणखी एक गोष्ट सांगतो. पुरेसा हरवलास की मागची वाट ओढून घे आणि ‘बंद’ अशी पाटी लाव. १९४७ मधील ही काव्यकल्पना पुढे वेगळ्याच अर्थाने खरी झाली. व्हरमाँटमधील पॉम्फ्रेट ह्या छोट्या गावातील एका खासगी मळ्याचे छायाचित्र समाजमाध्यमांतून जगभर पसरले. मग पानगळीच्या दिवसांत तेथे मोटारींची रीघ लागू लागली. अरुंद रस्ते अडू लागले, लोक परक्याच्या आवारात शिरू लागले, कचरा मागे टाकून जाऊ लागले. अखेरीस २०२३ मध्ये, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गावाने तिकडे जाणारे रस्ते बाहेरच्यांच्या वाहनांना बंद केले. तेथे राहणाऱ्या माणसांना पाटी लावून सांगावे लागले की, हे आमचे घर आहे, तुमच्या छायाचित्राची पार्श्वभूमी नाही. पहिल्या पायरीवर थांबलेल्या पाहण्याचा शेवट कोठे होतो, हे येथे दिसते. ज्या डोळ्यांना मेलेल्यांचा संसार दिसत नाही, त्यांना जिवंतांचाही दिसेनासा होतो.

आता आपल्या लेखकांकडे वळू. मराठीत ह्या तीन पायऱ्या चढून जाण्याची परंपरा नाही असे नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले. महिन्यामागून महिना घेत त्यांनी झाडे, पाखरे, आकाश आणि त्यांच्याशी जडलेले लोकजीवन यांचा वेध घेतला. प्रत्येक झाडाला तेथे नाव आहे आणि प्रत्येक रंगाला वेळ आहे. पु. ल. देशपांड्यांनी ‘अपूर्वाई’त परदेश दाखवला तो मुख्यतः माणसांतून. एकीने झाड पाहण्याची शिस्त दिली, दुसऱ्याने परक्या माणसाविषयीचे कुतूहल दिले. ह्या दोन्ही गोष्टी हाताशी असताना आपले परदेशस्थ लेखक विशेषणांच्या पुडीवर का भागवतात, हे आम्हांस उमगत नाही.

यावर कोणी म्हणेल, दोन दिवसांची सुटी, मागे बसलेली मुले, सोमवारी पुन्हा काम. अशा माणसाने काय इतिहास उकरीत बसावे? आक्षेप रास्त आहे. आठवडाभर राबलेल्या माणसाने डोंगर पाहून नुसते सुखावावे, यात काहीच उणे नाही. तो रंग त्याच्यासाठीही आहे. आमचे म्हणणे आहे ते लेखणी हाती घेणाऱ्यापुरते. ज्याला आपले पाहणे दुसऱ्यांपुढे ठेवायचे आहे, त्याने दोन दिवसांतील एक तास मोटारीबाहेर काढावा. एका झाडाचे नाव विचारून घ्यावे. रानात गडगा लागला तर तो कोणत्या शेताचा होता, हे गावच्या ग्रंथालयात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावे. एवढ्याने वर्णनाचा पोत बदलेल.

आपल्या वाचकांना ह्या गोष्टीचे अगत्य अधिक वाटावे, याला कारण आहे. व्हरमाँटमध्ये माणसे गेली आणि शेतांवर रान आले. आपल्या वसईच्या पट्ट्यात उलटे घडले. कित्येक ठिकाणी वाड्यांवर इमारती आल्या. विहिरी बुजल्या, बांध मोडले, केळीच्या बागा राहिल्या त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. आणि त्याच वाड्यांतील मुले आज न्यू इंग्लंडच्या रस्त्यांवरून मोटार हाकीत आहेत. सोडून गेलेल्यांच्या गडग्याचा अर्थ त्यांना इतरांहून लवकर कळला पाहिजे, कारण तो त्यांच्या घरचा आहे. दूरच्या झाडांचा रंग पाहता पाहता ज्याला आपल्या आजोबांचा बांध आठवेल, त्याच्या लेखणीला ‘उधळण’ पुरणार नाही.

आणि जे येथेच आहेत, त्यांनाही पानगळीसाठी समुद्र ओलांडायला नको. देशी बदामाचे झाड पुष्कळांच्या अंगणात आहे. गळण्यापूर्वी त्याची रुंद पाने तांबडी होतात, न्यू इंग्लंडच्या मेपलशी नाते सांगतात, आणि सकाळी आपण ती केरसुणीने लोटून टाकतो. त्यांतील एक पान उचलून मुलाच्या हाती द्यावे, त्याचा कोणता भाग आधी तांबडा झाला ते त्याला शोधायला सांगावे, आणि हे झाड कोणी लावले तेही सांगावे.

पुढल्या ऑक्टोबरातही छायाचित्रे येतील, वर्णने येतील, यावीतही. रंग, पान आणि माणूस ह्या तीन पायऱ्यांपैकी आपण कोठवर चढलो, एवढे लिहिणाऱ्याने स्वतःला विचारून पाहावे. रानातल्या त्या निरर्थक झालेल्या गडग्यापाशी क्षणभर थांबलेले एखादे वर्णन वाचायला मिळाले, तर ते आम्ही आपल्या पंगतीत आदराने बसवू.